मीनबॅनच्या रस्त्यावर कॉन्डीचा शब्द

कॉन्डी ब्रेस्लिनला भेटायला कुणी जात नसे, तरी त्याच्याकडे आठवड्यातून तीनदा टपाल यायचं. हे मला पक्कं ठाऊक, कारण ते टपाल घेऊन जाणारी मीच. एकतीस वर्षं मीनबॅनच्या डोंगरावर मी पत्रं वाटली. शेवटचं घर त्याचं. त्याच्या पुढे रस्ता स्प्रूसच्या दाट रानात शिरतो, मग उघड्या माळावर चढतो आणि थेट पलीकडे तळ्याकाठी उतरतो. नऊ मैल, मध्ये एकही चूल नाही. आणि एवढ्या वर हा माणूस मागवायचा काय, तर कोबीच्या बियांचं एक पाकीट. पुढच्या खेपेला गाजराच्या बियांचं एक पाकीट. मग दाराची एक बिजागरी, आणि दुसरी बिजागरी शुक्रवारी.

"अरे मेल्या, दोन्ही एकदम मागवता येत नाहीत का तुला?" मी एकदा ओरडलेच.

"एकदम मागवल्या आणि दोन्ही खराब निघाल्या तर?" असं म्हणून तो किटली चढवायला वळला.

मी काही दुधखुळी नव्हते. मला कळत होतं की त्याला बिजागरी नको होती, बिजागरी घेऊन येणारं माणूस हवं होतं. बहीण सेडी होती तोवर घरात निदान भांडण तरी असायचं. ती गेली आणि मग घरात रेडिओ उरला. मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या टपालवाल्याने सरळ डोंगराच्या पायथ्याशी एक पेटी ठोकली आणि सांगितलं, "इथून घेऊन जात जा." त्यानंतर कॉन्डीने काही मागवलंच नाही.

तर असा माणूस, ज्याला वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस काळं कुत्रंही विचारत नसे. पण जूनच्या एका शनिवारी अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान माणूस त्याच्या फाटकाशी गाडी थांबवायचा, काच खाली करायचा आणि विचारायचा, "काय कॉन्डी, रस्ता कसा?"

आमच्या रॅलीचा, म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा, शेवटचा टप्पा त्याच्या दारातून सुटतो. आणि आमचा रस्ता म्हणजे एक नाही, दोन रस्ते आहेत. रानातले दोन मैल पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी सुकत नाहीत. वरचा माळ वारा सुटला की पाव तासात खडखडीत. आणि खाली गावात, जिथे गाड्यांची दुरुस्ती होते आणि टायर निवडतात, तिथून यातलं काहीच दिसत नाही. पावसाचे टायर खोल खाचांचे आणि मऊ. पाण्यात ते धरून ठेवतात, पण कोरड्या रस्त्यावर जोरात पळवले की तापून त्यांचा लगदा होतो. कोरड्याचे टायर जवळजवळ गुळगुळीत, आणि ओल्यात ते सरळ खड्ड्यात नेऊन सोडतात. वर चाक बदलायचं तर गाडीतल्या दोघांनीच, आणि डिकीत आणलेली दोनच चाकं. तिसऱ्याने नुसता पाना उचलून दिला तरी वेळेची शिक्षा. बोलायला मात्र मनाई नाही.

म्हणून तिथे तोंडी शब्दाला किंमत. कॉन्डीने चाळीस वर्षं रस्ते खात्यात याच डोंगरावर डांबर टाकलं, गटारं उपसली. कुठला ओहोळ कधी रस्त्यावर येतो, कुठल्या वळणावर मेंढ्या चिखल करून ठेवतात, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद व्हायच्या आत तो रानातून वर माळापर्यंत जुनी सायकल ढकलत जायचा आणि परत यायचा. मग फाटकाशी उभा राहून सांगायचा: चारही तसेच ठेवा. किंवा पुढे पावसाचे, मागे कोरडे. पण हे फार कमी वेळा, कारण मागची बाजू कधी निसटेल याचा नेम नसतो. आणि निम्मा ओला निम्मा कोरडा असेल तर तिरपी जोडी, म्हणजे पुढचं एक चाक एका जातीचं आणि मागचं त्याच्या विरुद्ध बाजूचं त्याच जातीचं. गाडी जरा विचित्र चालते, पण डावीकडे आणि उजवीकडे सारखीच विचित्र चालते. ड्रायव्हरला तेवढं पुरतं.

थोरला ह्यू मलहर्न त्याच्या शब्दावर अठरा वर्षं चालवत होता. तीनदा दुसरा आला आणि एका हिवाळ्यात फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. मग त्याचा मुलगा काहल आला. काहल भिंतींना गिलावा करण्याची कामं घेतो. शेजारी बसून वहीतून पुढची वळणं वाचून दाखवणारी त्याची बायको ग्रान्या, ती नर्स. मलहर्नांनी कॉन्डीला कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. तो बोलला की काच वर.

मी त्या फाटकाशी दरवर्षी टेबल टाकून बसते. छत्री, घड्याळ, शिक्का. गाडी आली की तिच्या कार्डावर वेळ टाकायची आणि पुढे सोडायची. अधिकाऱ्यांनी ड्रायव्हरला सल्ला द्यायचा नाही असा नियम आहे. त्या नियमाबद्दल पुढे सांगते, कारण मी त्याच्या आड लपलेली आहे.

झालं असं की त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी काहल आणि ग्रान्या वर आले होते. मीही होते. कॉन्डीने डुकराचं मांस आणि बटाटे उकडले होते, आणि आनंदाच्या भरात मीठ दोनदा घातलं होतं.

"हे शेवटचं बरं का, कॉन्डी," काहल म्हणाला. "जिंकलो तर."

"जिंकलास तर काय?"

"पर्थला जायचंय. ग्रान्याला तिथल्या इस्पितळात जागा मिळालीय. ऑगस्टची तिकिटं आहेत, तिघांची."

"ऑस्ट्रेलियातलं पर्थ," ग्रान्या म्हणाली. "आणि हे ध्यान म्हणतं, बापाला जे जमलं नाही ते एकदा करू दे, मग येतो. नाही जमलं तर मी आणि आमच्या लेकीने, ऑरलाने, पुढे जायचं आणि साहेब आणखी एक वर्ष डोंगराशी संसार करणार!"

"एकच वर्ष गं," काहल म्हणाला.

"चार वर्षांच्या पोरीला एक वर्ष म्हणजे किती ते तू सांग तिला. मी नाही सांगणार."

कॉन्डी हसला नाही. बटाट्याचं साल काढत होता, ते तसंच काढत राहिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटलंय. साहजिकच आहे. पण वाईट वाटण्यापुढे तो काही करेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावात धो धो पाऊस. काहल अकरा सेकंदांनी पुढे होता, मागे मोनाहानचा एक धटिंगण. शेवटच्या टप्प्याला काहल चारही पावसाचे टायर लावून आला, डिकीत दोन कोरडे. मी दुपारी डोंगर ओलांडून पलीकडून आले होते. वर वारा असा सुटला होता की टोपी हातात धरावी लागली, आणि रस्ता पांढरा पडला होता. फक्त रानातले दोन मैल काळे चमकत होते. म्हणजे तिरपी जोडी, हे माझ्यासारख्या टपालवालीलाही कळावं. कॉन्डी तर सायकल घेऊन आताच वरून उतरला होता.

गाडी फाटकाशी थांबली. वेळेला अजून नऊ मिनिटं होती, दोन चाकं बदलायला भरपूर. काच खाली आली.

"काय कॉन्डी, रस्ता कसा?"

कॉन्डीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "पाणीच पाणी. वरपर्यंत. आहेत तेच राहू देत."

मी मान वर केली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

ग्रान्याने काचेतून वाकून डोंगराकडे पाहिलं. "तिकडे तर उघडलंय, काहल."

"कॉन्डी म्हणाला ना," काहल म्हणाला, आणि काच वर केली.

आता मी काय करायला हवं होतं ते मला सांगू नका, माझं स्वतःला पुष्कळ सांगून झालंय. मी शिक्का मारला आणि कार्ड परत दिलं. अधिकाऱ्यांनी बोलायचं नाही, असा नियम. एरवी सगळ्या गावाला धारेवर धरणारी मी त्या दिवशी मूग गिळून बसले. खरं सांगायचं तर मलाही काहल जायला नको होता. डोंगरावर माणसं राहिलीत किती!

गाडी सुटली. रानातून तिचा आवाज नेहमीसारखा आला. मग माळावर गेल्यावर ऐकू आलं, तापलेल्या मऊ टायरांचं रडणं, प्रत्येक वळणावर लांबच लांब. कॉन्डी फाटक धरून उभा होता. अपघात व्हायचा नव्हता, एवढा हिशेब त्याने केला होता. कोरड्यावर पावसाचा टायर नुसता हळू होतो, मारत नाही. काहल चार सेकंदांनी हरला.

संध्याकाळी गावातल्या पबमध्ये जो तो म्हणत होता की म्हाताऱ्याचे डोळे गेले, आता त्याला कोण विचारतो. काहलने ग्लास खाली ठेवला. "रस्ता अर्ध्या तासात बदलतो," तो म्हणाला. "कॉन्डीने बघितला तेव्हा ओला होता. ज्याला काही बोलायचं असेल त्याने आधी ती सायकल वर ढकलून दाखवावी." मी माझा कोट घेतला आणि घरी आले.

रविवारी मी वर गेले आणि दारातूनच सुरुवात केली.

"लाज नाही वाटली तुला? अठरा वर्षं बाप तुझ्या शब्दावर जगला, आणि पोराला तू..."

"पुढच्या वर्षी येईल तो," कॉन्डी म्हणाला.

"आणि ग्रान्या? ती पोर?"

तो चुलीशी गेला आणि राख ओढत बसला. मी आणखी बरंच बोलले. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

ऑगस्टमध्ये ग्रान्या आणि ऑरला गेल्या. काहल राहिला. आणि मग कॉन्डीला जे हवं होतं ते त्याच्या पदरात पडलं, मापापेक्षा जास्तच. रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून काहल दर रविवारी वर यायला लागला. त्याने कॉन्डीच्या मागच्या भिंतीचा गिलावा केला. पन्हळ दुरुस्त केली. दोघं रेडिओवर सामने ऐकायचे. पबमधली पत्त्यांची टोळीसुद्धा एकदा तो वर घेऊन आला. सेडी गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

मी एकदा गेले तर कॉन्डी परसात लाकडांपाशी नुसताच उभा. आतून काहलचा आवाज येत होता. घरात खिडकीशी, तेवढ्याच एका जागी फोन लागतो. तिथे उभा राहून तो मुलीशी बोलत होता.

"अगं, इथे अजून सकाळच आहे... हो, तुझी मेंढी बघितली. लठ्ठ झालीय... नाही राणी, उद्या नाही. जूननंतर... जून म्हणजे... जून म्हणजे किती वेळा झोपायचं ते आईला विचार."

"दर रविवारी," कॉन्डी माझ्याकडे न बघता म्हणाला. "दर रविवारी ती तेच विचारते. आणि तो मला येऊन सांगतो, हसत."

"मग सांगून टाक त्याला."

"सांगतोच आहे. दर रविवारी सांगतो. तोंड उघडतो आणि चहा घेणार का असं विचारतो."

मला त्याचा राग यायचा तो त्या दिवशी आला नाही. एकटा होता तेव्हा सुद्धा तो इतका एकटा दिसला नव्हता. घरात माणूस होतं आणि त्याच्याशी एक गोष्ट सोडून बाकी सगळं बोलता येत होतं.

हिवाळा गेला, मेंढ्या व्याल्या, जून आला. शेजारी बसायला काहलने चुलतभाऊ पॅकीला घेतलं होतं. पॅकी वळणं वाचतो बरी, पण तोंडाचा पट्टा बंद ठेवत नाही. या खेपेलाही सकाळी पाऊस, दुपारी वर वारा. काहल दोन सेकंदांनी मागे होता. चारही पावसाचे, डिकीत दोन कोरडे. अगदी मागच्यासारखंच. कॉन्डी सायकल घेऊन वरून आला तेव्हा मी ठरवून टाकलं, या वेळी हा खोटं बोलला तर माझं टेबल, शिक्का, नियम सगळं गेलं खड्ड्यात, मी ओरडणार.

गाडी थांबली. दहा मिनिटं होती. काच खाली आली.

"काय कॉन्डी, रस्ता कसा?"

कॉन्डीने टोपी काढली. शर्यतीच्या दिवशी मी त्याला उघड्या डोक्याने कधी बघितलं नव्हतं.

"मागच्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"मागच्या वर्षी. माळ कोरडा होता. मी बघितला होता. तू जिंकलास तर जाशील म्हणून मी सांगितलं नाही."

पॅकीसुद्धा गप्प बसला. इंजिन तेवढं घरघरत होतं. काहलच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसेना. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऊना, तुला माहीत होतं?"

आता इथेही मी गप्प बसू शकले असते. "हो," मी म्हणाले.

त्याने इंजिन बंद केलं.

"आणि या वर्षी," कॉन्डी घाईघाईने म्हणाला, "या वर्षी मी तुला..."

"थांब."

काहलने दार उघडलं. हेल्मेट काढून छपरावर ठेवलं. कॉन्डीच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, तो रस्त्यावर गेला आणि उकिडवा बसला. तळवा डांबरावर ठेवला. मग चार पावलं पुढे जाऊन पुन्हा ठेवला. रानाच्या तोंडाशी गेला, तिथे ठेवला. मान वर करून माळावरचं गवत वाऱ्याने कुठे वाकतंय ते बघितलं, ढगांकडे बघितलं, पुन्हा रस्त्याकडे बघितलं. बापाच्या आणि त्याच्या मिळून पंचवीस वर्षांत एकाही मलहर्नने हे केलं नव्हतं. त्यांना गरजच पडली नव्हती.

कॉन्डी टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता. मला तिकडे बघवेना.

सहा मिनिटं उरली होती. काहल परत आला आणि पॅकीला म्हणाला, "डिकी उघड. पुढचा डावा, मागचा उजवा."

दोघं खाली उतरून कामाला लागले. जॅक, नट, चाक. घाईत पॅकीच्या हातून पाना निसटला आणि टणकन कॉन्डीच्या बुटांपाशी येऊन पडला. कॉन्डी वाकला, आणि अर्ध्यातच थांबला. हात लावला असता तर काहलला शिक्षा झाली असती. तो तसाच वाकलेला राहिला, पॅकीने येऊन पाना उचलून नेईपर्यंत.

मी शिक्का मारला. काच वर होती, कार्ड मला फटीतून द्यावं लागलं. गाडी सुटली, रानात शिरली, माळावर चढली. टायरांचा आवाज यायचा तसाच आला, रडणं नाही, काही नाही. मग वारा तेवढा राहिला.

काही मिनिटांनी माझ्या टेबलावरच्या रेडिओने खरखरत निकाल सांगितला. सतरा सेकंदांनी.

"जिंकला रे, कॉन्डी," मी म्हणाले.

"पुढचा डावा आणि मागचा उजवा लावला ना त्याने? मला इथून नीट दिसलं नाही."

"हो. तेच लावले."

"बरोबर," तो म्हणाला. "मी तेच सांगणार होतो."

त्याने टोपी घातली, सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेला. काहल मंगळवारच्या विमानाने गेला. जायच्या आधी तो गावात सगळ्यांच्या घरी जाऊन आला. माझ्याकडेही आला, दारातच उभा राहिला, चहा घेतला नाही. वर गेला नाही.